न घेतलेला जय भीम

आमच्या घराचं दार थेट गल्लीत उघडायचं. ओटा नाही, अंगण नाही, एकच पायरी आणि पायरीखाली गल्ली. भाऊ, म्हणजे माझे वडील, सकाळी त्या पायरीवर आरसा टेकवून दाढीला बसायचे. कारखान्याची पहिली पाळी तेव्हाच निघालेली असायची, नळावरून बायका परतत असायच्या, आणि जो कुणी दारासमोर येईल तो "जय भीम, भाऊ" म्हणायचा. भाऊ वस्तरा गालापासून लांब धरायचे, मान वर करून "जय भीम" म्हणायचे आणि मग पुन्हा वस्तरा टेकवायचे. त्यांची दाढी कधी अर्ध्या तासाच्या आत झाली नाही. आई आतून म्हणायची, "एक दिवस घरात बसून करा की. का गल्लीनं हजेरी द्यायलाच पायजे?" भाऊ म्हणायचे, "मी घेतो म्हणून ते देतात. उद्या मी घरात बसलो तर परवा विचारायला येतील, मेलो का म्हणून."

नाशिकरोडची ती वस्ती रुळांना लागून होती. मालगाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई बोलता बोलता थांबायची, गाडी संपली की तोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू करायची. पहाटे विहारातली वंदना, मग मिरची कांडपाच्या यंत्राची धडधड, मग दुपारभर कुणाच्या तरी रेडिओवरची गाणी. घरात बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी आणि तव्यावर भाजलेले सुके बोंबील. बोंबील भाजले की आख्ख्या गल्लीला कळायचं आज आमच्याकडं काय आहे. कळू नये असं तिथं काही नव्हतंच. आईला तर नुसत्या जय भीमच्या आवाजावरून माणसाची तब्येत कळायची. एखादा मधलाच सूर लावून गेला की ती पोळपाट बाजूला ठेवून म्हणायची, ह्याच्या घरी काहीतरी बिनसलंय. संध्याकाळी ती तिकडं चक्कर टाकायची, आणि काहीतरी बिनसलेलं असायचंच. मी पुढं पाच वर्षं जे शिकायला पुण्याला गेले, त्यातलं बरंचसं आई पिठाच्या हातांनी करत होती. हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं असतं तर ह्या प्रकरणात लिहिण्यासारखं काही उरलं नसतं.

मी मानसशास्त्र शिकून परत आले तेव्हा वस्तीनं माझं नाव ठेवलं "येड्यांची डॉक्टरीण". त्यात कौतुकच होतं. शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मला जागा मिळाली. तिथल्या प्रमुख, मनोविकारतज्ज्ञ लिमये मॅडम कडक, पण शिकवायला बसल्या की हातचं काही राखायच्या नाहीत. मला छोटी खोली दिली, टेबल दिलं, दारावर पाटी लावायला माणूस आला. त्यानं विचारलं, "मॅडम, पूर्ण नाव काय टाकू?" मी म्हटलं, "सुजाता एवढंच टाका. पेशंटला सोपं जातं." तो म्हणाला, "बाकी सगळ्यांची आडनावं आहेत." मी म्हटलं, "असू द्या." त्यानं तसं केलं. मला त्या पाटीचा फार अभिमान होता आणि मी तिच्याकडं फार वेळ बघत नसे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत लगेच ओळखते.

आणखी एक सांगून टाकते, कारण आता लपवून कुणासाठी ठेवायचं. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी आईला म्हटलं, सकाळी बोंबील भाजू नकोस, साडीला वास राहतो. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बोंबील संध्याकाळी भाजले जाऊ लागले. भाऊंना सकाळच्या डब्यात ते लागायचे, त्यांना गवार मिळू लागली. त्यांनीही काही विचारलं नाही. आमच्या घरात आवाज खूप होता, पण असल्या गोष्टी सगळे न बोलता समजून घ्यायचे, आणि न बोललेलं ते सगळं माझ्या अंगावर अजून आहे.

मधुकरकाका आमच्या दोन घरं पलीकडं राहायचे. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत होते. देवळ्याच्या बाजूला कांद्याच्या वावरांत नळ्या टाकून द्यायचं काम. आठवडाभर तिकडं खोली घेऊन राहायचे, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे, रविवार-सोमवार सुट्टीचे. चांगले हसतखेळत असणारे, गणपतीच्या दिवसांत पोरांना मुद्दाम मोदकांची आठवण करून देणारे, मग स्वतःच कुठून तरी पेढे आणणारे. त्यांचं हसणं वर्षभरात कमी कमी होत गेलं, हे सगळ्यांना दिसत होतं. एका सोमवारी ते दवाखान्यात माझ्यासमोर येऊन बसले. झोप लागत नाही, छातीत जळजळतं, जेवण जात नाही. मी पुस्तकातले सगळे प्रश्न क्रमानं विचारले. ते सगळ्यांना "तसं काही नाही" म्हणाले. लिमये मॅडमनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा झोप आणि जळजळ. देवळ्याचं विचारलं की ते टेबलावरचा पेपरवेट फिरवायचे. माणसं चांगली आहेत, म्हणायचे. फार चांगली आहेत. ते असं म्हणताना त्यांचा चेहरा शिक्षा सुनावल्यासारखा व्हायचा, आणि मी वहीत लिहायचे: कामाच्या जागी ताण नाही.

तिसऱ्या सोमवारी ते आले तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते, सिस्टरशी बोलत. बाकांवर दहा-बारा माणसं. काकांनी लांबूनच हात जरा वर केला आणि म्हणाले, "जय भीम, सुजाता." मी म्हणाले, "या, बसा." बस, एवढंच. आत गेल्यावर मी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांनी नेहमीपेक्षा लवकर उत्तरं दिली आणि ते उठले. त्याच आठवड्याच्या शनिवारी मी कामावरून येत होते, ते देवळ्याहून येत होते. विहाराजवळच्या दुकानासमोर आम्ही समोरासमोर आलो. पुन्हा त्यांनी जय भीम केला. ह्या वेळी सिस्टर नव्हती, बाकं नव्हती, आमचीच गल्ली होती. पण माझ्या डोक्यात लिमये मॅडमचा नियम होता. बाहेर पेशंट भेटला तर आपण ओळख दाखवायची नाही, कारण तो आपल्याकडं येतो हे चारचौघांत उघड होऊ नये. मी दुकानात टांगलेल्या शॅम्पूच्या पुड्यांकडं बघत उभी राहिले. ते क्षणभर थांबले आणि पुढं गेले. घरी जाताना मला चक्क बरं वाटत होतं, नियम पाळल्याचं.

सोमवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. त्यानंतरच्या रविवारी दुपारी आई काळ्या मसाल्याची तयारी करत बसली होती. खोबरं, धणे, दगडफूल वेगवेगळ्या सुपांत. मी दगडफुलातला कचरा निवडत होते. तेवढ्यात मधुकरकाकांची बायको, मंदाकाकू, दारात आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"सुजे, तुझ्याकडं येत व्हता ना तो सोमवारचा? मग बंद का केलं तू?"

मी आईकडं बघितलं. काका माझे पेशंट आहेत हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. गुप्ततेचा माझा तो सगळा बंदोबस्त मंदाकाकूंनी उंबऱ्यावरच उडवला.

"मी नाही बंद केलं काकू. तेच आले नाहीत."

"दोन हप्ते झाले, कामावर गेला नाय. भिंतीकडं तोंड करून पडलाय. भाकरी पुढं ठेवली की सरकवतो. मी म्हणलं सुजीकडं जा, तर म्हणतो, तिनं माझा जय भीम घेतला नाय. दोन टायमाला घेतला नाय. आता कुणाकडं जायचं राहिलं." काकू एकदम खाली बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "झोपेच्या गोळ्यांची बाटली मी पिठाच्या डब्यात पुरून ठेवलीया. सकाळी बघितलं तर डब्याचं झाकण उघडं."

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती मला रागावेल असं वाटलं, पण ती रागावली नाही. खऱ्याच आश्चर्यानं तिनं विचारलं, "तू जय भीम घेतला नाहीस? मधूचा?" मी नियम सांगू लागले. माझं मलाच ऐकवेना. एक माणूस पिठाच्या डब्यात हात घालत होता, आणि मी आईला इंग्रजी पुस्तकातला नियम मराठीत करून सांगत होते.

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. मी लिमये मॅडमच्या घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. घरी जाऊ का, विचारलं, कारण पेशंटच्या घरी जायचं नाही हाही नियम होता. मॅडम म्हणाल्या, "गोळ्या आधी ताब्यात घे. लगेच जा. मरायचा विचार येतो का ते सरळ शब्दांत विचार, घाबरू नकोस, विचारल्यानं येत नसतो. आणि उद्या त्यांना माझ्याकडे घेऊन ये." मग म्हणाल्या, "पण सुजाता, आपणहून ओळख दाखवू नये असं मी म्हटलं होतं. पेशंटनं दाखवली तर आपण उत्तर द्यायचं, हेही सांगितलं होतं. त्यांनी आधी केला होता ना नमस्कार?"

"हो."

"मग?"

दुकानदार माझ्याकडं बघत होता. मी फोन ठेवला. नियम दोन वाक्यांचा होता आणि मी त्यातलं मला सोयीचं एकच वाक्य घरी आणलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं मी नवीन मुलामुलींना शिकवते आहे. मालेगावला मागावर काम करणाऱ्या बायकांसोबत बसले, इगतपुरीकडच्या पाड्यांवर भात निवडता निवडता लोकांची दुःखं ऐकली. माझ्याबद्दल भाषणं करणारे म्हणतात की बाईंनी लोकांच्या रीतीभाती समजून घेतल्या. मी मनात म्हणते, बाईंना आधी स्वतःची एक रीत चुकवून एक माणूस जवळजवळ घालवावा लागला.

काकांच्या घरात शिरताना मी दारातूनच म्हटलं, "जय भीम, काका." आवाज मोठा निघाला. पलीकडच्या घरातल्या बाईनं डोकावून बघितलं. काकांनी वळून पाहिलं नाही. मी खाली फरशीवर बसले. मंदाकाकूंनी पिठाच्या डब्यातून बाटली काढून माझ्या हातात दिली, ती मी पदराला पुसून पर्समध्ये टाकली. काय बोलायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी जे होतं तेच बोलले.

"काका, मी तुमचा जय भीम घेतला नाही. गल्लीत घेतला नाही त्याला मी नियमाचं कारण काढलं होतं. पण दवाखान्यात नियमबियम काही नव्हता. तिथं सिस्टर उभी होती. मला लाज वाटली. माझ्या दारावरच्या पाटीवर आडनाव नाही, बघितलंत का तुम्ही? ते मीच टाकू दिलं नाही. मी आईला सकाळी बोंबील भाजू देत नाही. माझं चुकलं, काका."

मालगाडी आली, भांडी वाजली, गाडी गेली. मग काका हळूहळू ह्या कुशीवर वळले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. माझ्याकडं असं बघत होते, जणू मी कोण ते त्यांना पहिल्यांदाच दिसतंय.

"तू पण?" ते म्हणाले.

"हो."

"तुझ्याकडं तर खुर्ची हाय."

"खुर्चीत बसूनच लाज वाटते, काका."

ते उठून बसले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण चेहऱ्यावरची एक गाठ सुटलेली मला स्पष्ट दिसली. मॅडमनी सांगितलेला प्रश्न मी सरळ विचारला. ते म्हणाले, "येतो इचार. येऊन बसतो. हाकलायचं बळ नव्हतं." आत्ता येतो का, विचारल्यावर म्हणाले, "आता तू बसलीस. तो उठला." मग त्यांनी काकूंना भाकरी वाढायला सांगितली आणि माझ्यासमोरही ताट ठेवायला लावलं. पेशंटच्या घरी जेवू नये हाही नियमच. पिठलं होतं, कांदा होता. मी दोन भाकरी खाल्ल्या. त्यांनी अर्धी खाल्ली, पण खाल्ली, आणि मंदाकाकू चुलीकडं तोंड करून रडत राहिल्या, ह्या वेळी मोकळ्या मनानं.

सोमवारी दवाखान्यात बाक भरलेलं होतं. सिस्टर कागद लावत होती, लिमये मॅडम आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. मधुकरकाका इस्त्रीचा शर्ट घालून मंदाकाकूंच्या मागं मागं जिना चढून आले आणि मला बघून त्यांनी नजर खाली घातली. माझ्यावर आणखी एक जय भीम खर्च करायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मी चार पावलं पुढं गेले आणि म्हटलं, "जय भीम, काका. जय भीम, काकू." बाकावरच्या दोघा-तिघांनी वर बघितलं. एका कोपऱ्यातून मला न ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं आपणहून "जय भीम, बाई" म्हटलं. सिस्टरनी कागदावरून मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. एवढंच झालं. ज्याला मी तीन वर्षं घाबरत होते ते एवढंच होतं. माझ्या खांद्यांवरून कुणीतरी भरलेला हंडा उतरवून घ्यावा तसं मला वाटलं, आणि मला हसू येऊ लागलं.

मॅडमनी काकांना तपासलं, औषध बदललं, गोळ्या काकूंच्या हाती दिल्या आणि त्यांना माझ्याकडं पाठवलं. आत आल्यावर काकांनी पेपरवेटला हात लावला नाही.

"देवळ्याला मी पवार हाय," ते म्हणाले.

मला कळेना. ते सांगत गेले. तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली मिळाली नव्हती, नीट बोलून, हात जोडून नकार दिलेला. चौथ्या ठिकाणी त्यांनी पवार सांगितलं आणि किल्ली मिळाली. मग घरमालकीण रोज ताक द्यायला लागली. सणाला पुरणपोळी. पोराच्या बारशाला त्यांना मान देऊन बसवलं. वावरात गेलं की शेतकरी स्वतःच्या ताटात जेवायला घ्यायचे. "इतकी माया करतात सुजाता, आणि ती सगळी त्या पवारवर. मी बाजूला उभा राहून बघतो. बाबासाहेबांचा फोटो बॅगेत कपड्यांखाली हाय. दोन वर्षं मी त्याला उजेड दाखवला नाय."

मग ते म्हणाले, "एक दिवस देवळ्याच्या स्टँडवर घरमालकासंगं उभा व्हतो. समोरून माझा मावसभाऊ आला, सटाण्याचा सिद्धार्थ. लांबून वरडला, जय भीम, मधूदा. मी बसचा बोर्ड वाचत उभा राहिलो. तो जवळ येऊन परत म्हणला. मी बोर्ड वाचतच व्हतो. त्या दिवसापासून झोप गेली. आणि तू त्या दुकानाच्या पुड्यांकडं बघत उभी राहिलीस ना, तवा मला वाटलं, हिला कळलंय. मी काय केलं ते समद्यांना कळलंय आणि आता मला कुणीच घेणार नाय."

मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं मी एका माणसाचा अपमान केला. मी तर त्याची शिक्षा त्याला वाचून दाखवली होती, माझ्या नकळत, शॅम्पूच्या पुड्या बघत.

"सिद्धार्थला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"मला सांगितलंत तेच."

"तो मारंल मला."

"मारू द्या. मार खाऊन सोमवारी या."

ते गुरुवारीच सटाण्याला गेले, हे मला मंदाकाकूंकडून कळलं. महिना उलटल्यावर एका सोमवारी पाटीवाला माणूस माझ्या दारावरची जुनी पाटी काढत होता, म्हणून आम्ही व्हरांड्यातल्या बाकावरच बसलो. काकांच्या गालांवर थोडा रंग आला होता. खोली गेली, ते म्हणाले. घरमालकाला त्यांनी स्वतःच खरं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी महिनाअखेर खोली मोकळी करा म्हणाला. मालकिणीनं शेवटच्या दिवशीही ताकाचा तांब्या दारात ठेवला, पण स्वतः बाहेर आली नाही. हे सांगताना काकांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही.

"मग आता राहता कुठं?"

"सिद्धार्थकडं. सटाण्याहून जाऊन येऊन करतो. मारलं नाय त्यानं. रडला आधी. आता रोज जेवताना टोमणे मारतो, पवारसाहेब, भाकरी चालंल का आमची म्हणून. त्याची बायको हसती, पोरं हसत्यात."

"आणि झोप?"

"घोरतो लय तो," काका म्हणाले. "पण लागती."